इंधन-बाष्प नियंत्रण यंत्रणा, मोटारगाडीतील

पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनाच्या टाकीत व इंधनमार्गात तयार होणारी पेट्रोलची वाफ बाहेरच्या हवेत जाऊ न देता साठवून ठेवणारी आणि एंजिन चालू असताना ती त्यातच जाळून टाकणारी यंत्रणा. टाकी, तिचे झाकण, भरणनळी, वाफेच्या नळ्या, सक्रियित कोळशाचा डबा, दोन झडपा व दाब मोजणारा संवेदक हे तिचे मुख्य भाग होत. यांपैकी कोठेही सूक्ष्म छिद्र पडले, तरी गाडी पूर्वीसारखीच चालते. तिचा वेग किंवा ओढ यांत चालकाला जाणवेल असा फरक बहुधा पडत नाही. त्यामुळे बिघाड झाला आहे हे कळणे व तो नेमका कोठे आहे हे शोधणे हाच दुरुस्तीतील कठीण भाग असून प्रत्यक्ष दुरुस्ती पुष्कळदा एखादे रबरी कडे बदलण्याइतकी साधी असते. प्रस्तुत नोंदीत यंत्रणेचे कार्य थोडक्यात सांगून गळतीचे निदान व दुरुस्ती यांची माहिती दिली आहे. [→ अंतर्ज्वलन-एंजिन, प्रदूषण, मोटारगाडी].

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील ब्युटेन, पेंटेन यांसारखे हलके घटक नेहमीच्या तापमानालाही सहज उडून जातात. उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीची टाकी सकाळपासून दुपारपर्यंत तापत जाते, तेव्हा तिच्यातील वाफ व हवा प्रसरण पावून बाहेर पडू पाहतात. रात्री टाकी निवाली म्हणजे बाहेरची हवा आत ओढली जाते. टाकीचे हे श्वसन गाडी महिनाभर जागची हलली नाही तरी रोज चालू राहते. याशिवाय प्रवास संपवून बंद केलेल्या एंजिनाच्या उष्णतेने, गाडी चालू असताना इंधन तापल्याने, पंपावर पेट्रोल भरताना टाकीतील वाफ ढकलली गेल्याने आणि रबर व प्लॅस्टिक यांच्या भिंतींतून झिरपल्यानेही वाफ बाहेर येते. पेट्रोलमध्ये सु. १० टक्के इथेनॉल मिसळले असता मिश्रणाचा बाष्पदाब मूळ पेट्रोलपेक्षा थोडा वाढतो.

ही वाफ केवळ वाया गेलेले इंधन नव्हे. हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगतच्या हवेत ओझोन तयार होतो व त्यापासून डोळे आणि श्वसनमार्ग यांना त्रास देणारे धुरके निर्माण होते. लॉस अँजेल्सच्या धुरक्यामागील ही रासायनिक प्रक्रिया कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आरी यान हाखेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत उलगडून दाखविली. पेट्रोलच्या वाफेत बेंझीनही असते व ते कर्करोगकारक आहे. बंदिस्त तळघरात किंवा घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये गाडी ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. हवेत या वाफेचे प्रमाण घनफळाने सु. १·४ ते ७·६ टक्के असेल, तर ठिणगीने ती पेट घेते.

पूर्वीच्या गाड्यांत टाकीच्या झाकणाला हवेसाठी छिद्रच ठेवलेले असे. भारतातील अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी या गाड्या ज्यांनी वापरल्या, त्यांना उन्हाळ्यात गाडीभोवती दरवळणारा पेट्रोलचा वास आठवत असेल. त्या काळी तो बिघाड समजला जात नसे. नियंत्रण नसलेल्या अमेरिकन गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी स्थूलमानाने ६० टक्के निष्कास नळीतून, २० टक्के भुजादंड पेटीतून व २० टक्के टाकी आणि कार्बुरेटर यांतून वाफेच्या रूपाने जात, असा अंदाज होता. कॅलिफोर्नियात १९७० सालच्या व उरलेल्या अमेरिकेत १९७१ सालच्या नव्या गाड्यांपासून बाष्प नियंत्रण सक्तीचे झाले आणि कोळशाचा डबा सर्वत्र दिसू लागला.

यंत्रणेचे कार्य : टाकीतून निघालेली वाफ नळीवाटे सक्रियित कोळशाच्या डब्यात येते. गॅरेजमध्ये या डब्याला ‘कॅनिस्टर’ म्हणतात. या कोळशाचे कण अत्यंत सच्छिद्र असल्याने एक ग्रॅम कोळशाचा अंतर्गत पृष्ठभाग एक हजार चौरस मीटरहूनही अधिक भरतो. या पृष्ठभागावर हायड्रोकार्बनांचे रेणू चिकटून राहतात (अधिशोषण) व डब्याच्या दुसऱ्या टोकाने जवळजवळ शुद्ध हवा बाहेर पडते. हे दुसरे टोक श्वसन झडपेतून वातावरणाला जोडलेले असते. तिला ‘व्हेंट व्हॉल्व्ह’ हे नाव रूढ आहे. एंजिन तापून स्थिर चालू लागले, म्हणजे नियंत्रण संगणक दुसरी म्हणजे निष्कासन झडप (‘पर्ज व्हॉल्व्ह’) थोडी थोडी उघडतो. एंजिनाच्या अंतर्ग्रहण नळात दाब कमी असल्याने बाहेरची ताजी हवा डब्यातून ओढली जाते, कोळशाला चिकटलेली वाफ सुटते व एंजिनात जाऊन जळते. कोळसा अशा रीतीने पुन्हा पुन्हा रिकामा होत असल्यामुळे तो एरवी गाडीच्या आयुष्यभर पुरतो.

नेहमीच्या स्थितीत श्वसन झडप उघडी व निष्कासन झडप बंद असते, हे लक्षात ठेवले तर पुढील सर्व निदान सोपे होते.

गाडीची स्वयंचाचणी : अमेरिकेत १९९६ च्या गाड्यांपासून गाडीतील संगणकानेच उत्सर्जनाशी संबंधित सर्व यंत्रणांची तपासणी करून बिघाड असल्यास चालकापुढील दिवा लावावा, असे बंधन आले. बाष्प यंत्रणेतील सु. १ मिमी. व्यासाच्या छिद्राएवढी गळती प्रथम पकडावी लागे. २००० सालापासून कॅलिफोर्नियाच्या नियमांनी ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ०·५ मिमी.वर आणली. सुमारे पन्नास लिटरची टाकी, अनेक मीटर नळ्या व डझनभर सांधे असलेल्या यंत्रणेत बारीक सुईच्या टोकाएवढे छिद्र गाडीने स्वतःच ओळखावे, ही अपेक्षा मोठीच आहे.

ती पुरी करण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत संगणक श्वसन झडप बंद करून निष्कासन झडप उघडतो. एंजिनाच्या ओढीने टाकीतील दाब वातावरणापेक्षा पाण्याच्या सु. २० ते २५ सेंमी. उंचीच्या स्तंभाइतका कमी झाला, की निष्कासन झडपही बंद करतो आणि हा दाब किती वेगाने पूर्ववत होतो ते पाहतो. दुसऱ्या पद्धतीत एंजिन बंद झाल्यावर यंत्रणा सर्व बाजूंनी बंद केली जाते. टाकी निवत असताना आत आपोआप दाब कमी व्हावयास हवा, तो न झाल्यास गळती आहे असे ठरते. तिसरीत छोटा विद्युत् पंप प्रथम ठरावीक आकाराच्या छिद्रातून व नंतर यंत्रणेतून हवा ओढतो व दोन्ही वेळच्या मापांची तुलना करतो. टाकी अगदी रिकामी किंवा तुडुंब भरलेली असेल, हवा फार गरम वा फार थंड असेल किंवा इंधन हिंदकळत असेल, तर माप फसवे ठरते. म्हणून अशा वेळी चाचणी होतच नाही. टाकी साधारणपणे १५ ते ८५ टक्के भरलेली असावी लागते. शिवाय लागोपाठच्या दोन चाचण्यांत दोष आढळल्यावरच बहुतेक गाड्यांत दिवा लागतो. गाडी दुरुस्तीला आणली असता दिवा विझलेला व घरी नेल्यावर पुन्हा लागलेला, असा अनुभव येतो त्याचे कारण बहुधा हेच असते.

दिव्याबरोबर संगणकात दोषाचा संकेतांक नोंदला जातो व तो स्कॅनरने वाचता येतो. पी ०४५५ हा मोठ्या गळतीचा, पी ०४४२ लहान गळतीचा, पी ०४५६ अतिसूक्ष्म गळतीचा, पी ०४५७ सैल झाकणाचा, पी ०४४१ निष्कासनातील चुकीच्या प्रवाहाचा आणि पी ०४४६ श्वसन झडपेच्या नियंत्रणाचा निदर्शक आहे. तथापि संकेतांक म्हणजे निदान नव्हे. गळती केवढी आहे हे तो सांगतो, ती कोठे आहे हे सांगत नाही. संकेतांक वाचून अंदाजाने प्रथम झाकण, मग एक झडप, मग दुसरी झडप व अखेर महागडा डबा बदलणे ही पद्धत गॅरेजांत सर्रास आढळते. गाडीमालक चार भागांचे पैसे देतो आणि छिद्र असलेली नळी जागच्या जागीच राहते.

गळतीचे निदान : तपासणीचा प्रारंभ प्रश्नांनी करावा. दिवा पेट्रोल भरल्यानंतर लागला काय, पेट्रोल भरल्यावर लगेच एंजिन सुरू होण्यास त्रास होतो काय, वास येतो तो नेमका कोठे, अलीकडे गाडीचे कोणते काम झाले, या चार प्रश्नांच्या उत्तरांनी शोधाचे क्षेत्र बरेच आकुंचित होते. उदा., मागील आसनाखालचा इंधन पंप नुकताच बदललेला असेल, तर त्याच्या तोंडाशी असलेले रबरी कडे बसविताना चिमटले गेल्याचा संशय प्रथम घ्यावा.

त्यानंतर झाकण पाहावे. त्याचे रबरी कडे चिरलेले, चपटलेले वा धुळीने माखलेले असते. कधी झाकण फक्त अपुरे फिरविलेले असते, तर कधी मूळ झाकण हरवून बाजारातील बिनमापाचे बसविलेले असते. झाकण ज्या कडेवर टेकते ती भरणनळीची कडही निरखावी. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. तेथे पोलादी भरणनळी गंजून छिद्र पडणे हे गळतीचे नेहमीचे कारण आहे. हे छिद्र चिखलाच्या थराखाली लपलेले असल्यामुळे थर खरवडल्याशिवाय दिसत नाही.

निष्कासन झडप उघडी अडकलेली असेल, तर पेट्रोल भरल्यानंतर टाकीतील दाट वाफ सरळ एंजिनात जाते व ते सुरू होण्यास कुरकुर करते. मंद गतीवर ते अडखळतेही. डब्याकडून येणारी नळी झडपेपासून सोडवून, एंजिन मंद गतीवर असताना व झडपेची विद्युत् जोडणी काढलेली असताना तिच्या तोंडावर बोट ठेवावे; ओढ जाणवल्यास झडप निकामी समजावी. श्वसन झडप डब्याजवळ गाडीच्या खालच्या बाजूस असल्याने तिच्यात धूळ व पाणी शिरते. तिची चाचणी स्कॅनरने आज्ञा देऊन किंवा बॅटरीचा प्रवाह थेट देऊन करतात. बंद झाल्यावर तिच्यातून हवा फुंकता येऊ नये.

श्वसनमार्ग उघडा राहिला तर गळती होते, तसा तो तुंबला तरी बिघाड होतो. याचे एक विलक्षण उदाहरण २०११ साली घडले. माझ्दा कंपनीला उत्तर अमेरिकेत विकलेल्या २००९ व २०१० सालच्या माझ्दा-६ जातीच्या सु. ६५,००० गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पिवळ्या पिशवी-कोळ्यांनी डब्याच्या श्वसन नळीत जाळी विणल्याने टाकीत हवा शिरेनाशी होऊन तिला तडा जाण्याचा धोका निर्माण झाला होता. पेट्रोलच्या वासाने हे कोळी आकर्षित होत असावेत, असे मानले जाते. तेव्हा नळीच्या तोंडाशी डोकावून पाहण्यात कमीपणा मानू नये.

एवढ्याने गळती न सापडल्यास धूर चाचणी करतात व तीच आजची सर्वांत विश्वसनीय पद्धत आहे. खनिज तेल तापवून बनविलेला दाट पांढरा धूर नायट्रोजनासारख्या अक्रिय वायूबरोबर यंत्रणेत सोडतात. काही गाड्यांत यासाठी एंजिनाजवळ हिरव्या टोपणाचे तोंड ठेवलेले असते. त्यातील झडपेचा गाभा उलट्या आट्यांचा असतो, हे माहीत नसल्यास तो मोडण्याचा संभव असतो. ज्या गाड्यांत असे तोंड नाही, त्यांत निष्कासन नळीतून किंवा भरणनळीतून धूर सोडतात. प्रथम श्वसन झडप उघडी ठेवून तिच्यातून धूर येईपर्यंत थांबावे, म्हणजे धूर सर्वत्र पोहोचला अशी खात्री होते. मग ती बंद करावी. यंत्रावरील प्रवाहमापकाची तुलना ०·५ मिमी.च्या प्रमाण छिद्रातून होणाऱ्या प्रवाहाशी केली, की गळती खरोखरच आहे किंवा नाही हे शोधापूर्वीच कळते. नंतर प्रखर दिव्याच्या साहाय्याने सर्व सांधे, नळ्यांची वळणे व टाकीची वरची बाजू तपासावी. धुराची बारीक रेघ दिसेल तेथे छिद्र असते.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. निष्कासन झडपेतून होणारी गळती एंजिनाच्या आत जात असल्यामुळे बाहेर धूर दिसत नाही; प्रवाहमापक मात्र प्रवाह दाखवितो. अशा वेळी ती नळी चिमटून पाहावी. काही सांधे आतून दाब दिला असता घट्ट बसतात व दाब कमी झाला असताना उघडतात. काही भेगा केवळ नळी तापल्यावर उमलतात. तेव्हा धूर दिसला नाही म्हणून गाडी निर्दोष ठरवून परत करणे घाईचे होते.

धुराचा दाब पाण्याच्या सु. ३० सेंमी. उंचीच्या स्तंभाहून अधिक असू नये. गॅरेजमधील हवेच्या कॉम्प्रेसरचा दाब याच्या दोनशे पटींहून अधिक असतो. त्याची नळी थेट यंत्रणेला जोडल्यास संवेदक फुटतो, प्रसंगी टाकी फुगते आणि याहून वाईट म्हणजे टाकीतील वाफेत हवा मिसळून स्फोटक मिश्रण बनते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून ती जमिनीलगत पसरते व गाडीखाली काम करण्याच्या खड्ड्यात साठून राहते. त्या खड्ड्यात उघडा बल्ब असलेला दिवा नेणे, जवळपास विडी ओढणे किंवा जोडकाम करणे या गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. टाकीजवळचे काम एंजिन थंड असताना, टाकीत थोडेच पेट्रोल असताना, बॅटरीची ऋण तार काढून व वाहत्या हवेत करावे.

दुरुस्ती : रबरी कडी व झाकण मूळ मापाचीच घ्यावीत. नळीच्या टोकाशी चीर असेल व लांबी पुरत असेल, तर तेवढा तुकडा कापून ती पुन्हा बसविता येते. एरवी नवी नळी घालावी व ती इंधनाच्या वाफेसाठीच बनविलेली असावी. पाण्याची साधी रबरी नळी पेट्रोलने फुगते व काही महिन्यांत मऊ होऊन गळते. छिद्रावर चिकटपट्टी किंवा लुकण लावणे ही दुरुस्ती नव्हे. प्लॅस्टिकच्या टाकीला तडा गेला असल्यास ती बदलणेच इष्ट.

कोळशाचा डबा सहसा आपणहून बिघडत नाही. तो बिघडविला जातो. पंपावरील नळी आपोआप बंद झाल्यानंतरही रक्कम पूर्ण आकड्यात आणण्यासाठी किंवा टाकी काठोकाठ भरण्यासाठी आणखी पेट्रोल ओतण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. हे जादा पेट्रोल द्रवरूपात डब्यात शिरते, कोळसा भिजून निकामी होतो व त्याचे कण सुटून निष्कासन झडपेत अडकतात. त्यामुळे झडपेत काळे कण सापडल्यास केवळ झडप बदलून भागत नाही. डबाही बदलावा व नळ्या फुंकून स्वच्छ कराव्यात, नाहीतर नवी झडप थोड्याच दिवसांत अडकते.

दुरुस्तीनंतर धूर चाचणी पुन्हा करावी. संकेतांक पुसल्याने दिवा विझतो, पण त्याबरोबर संगणकातील चाचण्या पूर्ण झाल्याची नोंदही पुसली जाते; योग्य परिस्थिती जुळून बाष्प चाचणी पुन्हा होण्यास अनेक दिवस लागू शकतात. अमेरिकेच्या ज्या राज्यांत उत्सर्जन तपासणी बंधनकारक आहे, तेथे अशा अपूर्ण नोंदींच्या संख्येवर मर्यादा असल्याने तपासणीच्या आदल्या दिवशी दिवा पुसून घेणाऱ्याची गाडी परत पाठविली जाते.

भारतातील परिस्थिती : बाष्प उत्सर्जनाचे प्रमाण ठरविण्यासाठी गाडी पूर्णपणे बंदिस्त खोलीत ठेवून खोलीतील हवेत जमणारी हायड्रोकार्बने मोजतात. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत (स्थापना १९६६) अशा चाचणीची सोय आहे. पेट्रोलच्या मोटारगाड्यांसाठी भारत स्टेज मानकांनी प्रत्येक चाचणीमागे २ ग्रॅ. ही मर्यादा घातली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या सहाव्या टप्प्यात दुचाकींसाठी ती १·५ ग्रॅ. आहे. त्यामुळे आता स्कूटरवरही मुठीएवढा कोळशाचा डबा असतो. मात्र हे मोजमाप नव्या नमुन्याच्या गाडीचे होते. निष्कासन झडपेची विद्युत् जोडणी अखंड आहे की नाही एवढेच गाडीतील संगणकाने पाहावे, अशी येथील नियमांची किमान अपेक्षा असल्याने नळीतील छिद्राबद्दल दिवा लागेलच असे नाही. नियतकालिक ‘पी. यू. सी.’ तपासणीत फक्त निष्कास नळीतील वायू मोजले जातात. यामुळे वापरातील भारतीय गाडीत ही गळती ओळखण्याचे साधन म्हणजे बहुधा मालकाचे नाकच असते. सकाळी बंद गॅरेजचे दार उघडताच पेट्रोलचा वास आल्यास, टाकीचे झाकण काढताना नेहमीचा ‘फुस्स’ आवाज एकाएकी फार मोठा येऊ लागल्यास, अथवा पेट्रोल भरल्यावर एंजिन सुरू होण्यास अडू लागल्यास झाकण, डबा व झडपा तपासून घ्याव्यात. स्कूटर वा मोटारसायकल दुरुस्त करताना ‘अनावश्यक’ म्हणून हा डबा काढून नळीचे तोंड तसेच सोडून देण्याचा किंवा ते बुचाने बंद करण्याचा प्रकार आढळतो. पहिल्याने वाफ उघड्यावर, बहुधा तापलेल्या एंजिनाजवळ, येऊ लागते; दुसऱ्याने टाकीचा श्वसनमार्गच बंद होण्याचा संभव असून तसे झाल्यास चालता चालता इंधनाचा पुरवठा तुटतो.